बालकांचे प्रतिमा-परीक्षण आणि मार्गदर्शक सूत्रे : एक चिकित्सा

वैद्यकातील मार्गदर्शक सूत्रे हा एक लेखनप्रकार आहे असे सहसा कोणी मानीत नाही. ती पाळली जातात, टाळली जातात, परिसंवादांतून उद्धृत केली जातात. पण ती वाचली जातात असे म्हणवत नाही. वाचणे म्हणजे वाक्याचा कर्ता कोण, क्रियापदात आज्ञा आहे की केवळ सूचना, आणि जेथे वाक्य संपते तेथे कोणाचे काम सुरू होते, याचा शोध घेणे. सी. टी., सोनोग्राफी, क्ष-किरण व एम. आर. आय. या परीक्षा कोणत्या मुलाच्या केव्हा कराव्यात याविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी सूत्रे प्रसिद्ध झाली, ती या रीतीने वाचली असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. परीक्षा कोणाची करू नये हे ती उत्तम सांगतात. कोणाची करावी हेही ती बऱ्यापैकी सांगतात. परंतु ज्या मुलाविषयी दोहोंपैकी काहीच निश्चित म्हणता येत नाही, त्याच्या बाबतीत पुढील काही तासांत कोणी काय करावयाचे हे सांगताना त्यांची भाषा ढिली पडते. रुग्णालयीन उपचारमार्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या लेखनप्रकाराची कसोटी लागते ती याच ढिल्या जागी.

येथे तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे अवश्य आहे, कारण चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. निर्णयनियम हा संशोधनातून निघतो. हजारो मुलांची माहिती गोळा करून कोणती लक्षणे नसली म्हणजे धोका नगण्य ठरतो, हे तो सांगतो. मार्गदर्शक सूत्र तज्ज्ञमंडळाकडून येते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1990 साली केलेल्या व्याख्येचा आशय असा की, विशिष्ट परिस्थितीत योग्य उपचार कोणता याचा निर्णय घेण्यास वैद्य व रुग्ण यांना साहाय्य व्हावे म्हणून पद्धतशीरपणे रचलेली ती विधाने होत. उपचारमार्ग मात्र त्या त्या रुग्णालयाचा असतो, आणि त्याचा उगम वैद्यकात नसून कारखानदारीत आहे. मोठ्या प्रकल्पात कोणते काम अडले असता सगळेच अडेल हे आधी हेरून ठेवण्याची एक आखणी-पद्धती अभियंत्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस बसविली. तिचे नाव व तिची कल्पना 1980 च्या दशकात बॉस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये कॅरन झँडर व त्यांच्या सहकारी परिचारिकांनी रुग्णसेवेत आणली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एवढेच की, उपचारमार्ग परिचारिकांच्या हातून आलेला आहे, आणि वेळ, जागा व माणूस यांची नोंद करणे हा त्याचा जन्मजात गुण आहे. सूत्राच्या अंगी हा गुण नाही. तो असावा अशी अपेक्षाही कोणी केलेली नाही.

हा वाद निव्वळ भाषेचा नाही. डोक्याला मार लागलेले मूल हे आपत्कालीन विभागातील रोजचे दृश्य होय. मूल शुद्धीवर असेल, बोलत-रडत असेल, तर अशा शंभरांतील नव्व्याण्णवांना पुढे काही होत नाही. उरलेल्या एकाच्या कवटीत मात्र रक्तस्राव चालू असू शकतो, आणि तो वेळेवर न कळल्यास मूल दगावते. सी. टी. हा रक्तस्राव काही क्षणांत दाखविते; म्हणून भेदरलेल्या आईबापांना आणि तितक्याच भेदरलेल्या तरुण डॉक्टरला ती सर्वांत जवळची वाटते. पण तिची किंमत आहे. 2001 साली डेव्हिड ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या सी. टी. मुळे आयुष्यभरात संभवणाऱ्या कर्करोगाचा अंदाज प्रसिद्ध केला. त्याच सुमारास असेही उघड झाले की, अनेक ठिकाणी बालकांची सी. टी. प्रौढांसाठी ठरविलेल्या किरणमात्रेनेच होत होती. 2008 च्या जानेवारीत अमेरिकेत 'इमेज जेन्टली' ही चळवळ उभी राहिली आणि यंत्र बालकाच्या आकारमानाप्रमाणे लावण्याचा आग्रह तिने घरोघरच्या रुग्णालयांत पोहोचविला. 2012 साली पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील पावणेदोन लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. बालपणी वा तारुण्यात एकूण 50 मिलिग्रेच्या आसपास किरणमात्रा मिळालेल्यांत रक्ताचा कर्करोग, आणि 60 मिलिग्रेच्या आसपास मिळालेल्यांत मेंदूची गाठ, यांचा धोका सुमारे तिपटीने वाढलेला आढळला. तथापि मूळ धोकाच अत्यल्प असल्याने प्रत्यक्ष संख्या लहान राहते: दहा वर्षांखालील दहा हजार मुलांची डोक्याची सी. टी. केली, तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रोगी अधिक. 2023 साली युरोपातील नऊ देशांच्या, नऊ लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासातून रक्ताच्या कर्करोगांविषयी निघालेला हिशेबही दहा हजारांस एक ते दोन असाच आहे. एका पारड्यात हे दहा हजारांतील दोघे आणि दुसऱ्यात न ओळखलेला रक्तस्राव, असा हा तराजू आहे.

या तराजूची सर्वांत काळजीपूर्वक मांडणी करणारा ग्रंथ म्हणजे 'पेकार्न' या नावाने प्रसिद्ध असलेला निर्णयनियम. नेथन कुपरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील 25 आपत्कालीन विभागांतून, मार लागल्यापासून 24 तासांच्या आत आलेल्या 42,412 मुलांच्या आधारे तो तयार केला व 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांपैकी शेकडा 35 जणांची सी. टी. झाली होती; महत्त्वाची इजा आढळली ती 376 जणांत, म्हणजे शेकडा 0.9, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती केवळ 60 जणांना. हे तीन आकडे शेजारी ठेवले की नियमाची गरज वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

नियमाचे पहिले मोठेपण त्याच्या लक्षणांच्या यादीत नाही, तर 'महत्त्वाची इजा' या पदाच्या व्याख्येत आहे. मृत्यू, मेंदूची शस्त्रक्रिया, 24 तासांहून अधिक काळ कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी नळी, किंवा सी. टी. त दिसलेल्या इजेमुळे दोन रात्री वा अधिक रुग्णालयात राहणे, यांपैकी काही घडले तरच इजा महत्त्वाची मानली आहे. चित्रात काहीतरी दिसले एवढ्याने ती महत्त्वाची ठरत नाही. प्रतिमाशास्त्राचा प्रश्न 'चित्रात काय आहे' येथून उचलून 'मुलाचे काय होते' येथे आणून ठेवणे हे वरवर साधे दिसते. पण तसे केल्यामुळेच परीक्षा टाळणे हे हलगर्जीपणाचे लक्षण न राहता शास्त्रीय कृती ठरू शकले. अर्थात या व्याख्येतही एक फट आहे. दोन रात्री मुक्काम ही घटना मुलाच्या इजेवर जितकी अवलंबून असते, तितकीच त्या रुग्णालयाच्या रीतीवर, खाटांच्या संख्येवर आणि विमा कंपनीच्या मर्जीवरही असते. शरीरातील घटना मोजण्याच्या मापात संस्थेची सवय मिसळली आहे, आणि हे मिश्रण मूळ निबंधाच्या वाचकांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

नियमाचे दुसरे मोठेपण वयाच्या विभागणीत आहे. दोन वर्षांखालील मूल आपले दुखणे सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या यादीत डोकेदुखी नाही. त्याऐवजी कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेले टेंगूळ आहे, हाताला लागणारी कवटीची मोड आहे, पाच सेकंद वा अधिक काळ शुद्ध हरपणे आहे, आणि मूल नेहमीसारखे वागत नाही असे आईबापांचे म्हणणे आहे. हे शेवटचे कलम विशेष लक्षणीय होय. आईची साक्ष येथे सौजन्य म्हणून ऐकून घेतलेली नाही. संख्याशास्त्राच्या परीक्षेत उतरलेले स्वतंत्र लक्षण म्हणून ती यादीत आलेली आहे. मुलाच्या शुद्धीत बदल झालेला असणे आणि मार जबर असणे ही लक्षणे दोन्ही याद्यांत आहेत. मोठ्या मुलांच्या यादीत याखेरीज क्षणभरही शुद्ध हरपणे, उलटी, तीव्र डोकेदुखी व कवटीचा तळ मोडल्याच्या खुणा येतात. ज्यांच्यात यांपैकी एकही लक्षण नाही त्यांचा धोका लहान गटात शेकडा 0.02 हून आणि मोठ्या गटात 0.05 हून कमी. नियमाची पडताळणी करताना लहान गटातील अशा 1,176 मुलांपैकी एकालाही महत्त्वाची इजा नव्हती. मोठ्या गटातील 3,800 पैकी दोघांना होती, पण त्यांना शस्त्रक्रिया लागली नाही. सी. टी. मुळे संभवणाऱ्या कर्करोगाचा धोका यापेक्षा बहुधा अधिक, असा तराजूचा निवाडा मूळ निबंधातच आहे, आणि तो ब्रिटनच्या अभ्यासाच्या तीन वर्षे आधीचा आहे.

येथवर ग्रंथ निर्दोष म्हणावा असा आहे. दुसऱ्या टोकालाही अडचण नाही: शुद्धीत बदल असेल, लहानांत हाताला लागणारी मोड असेल, मोठ्यांत कवटीच्या तळाच्या मोडीच्या खुणा असतील, तर धोका शेकडा चाराहून अधिक, आणि सी. टी. करावी. प्रश्न मधल्यांचा आहे. सुमारे तीस टक्के मुले या मधल्या गटात पडतात. त्यांचा धोका शेकडा 0.9, म्हणजे एकूण सरासरीइतकाच. नियमाने त्यांना वेगळे काढले, पण त्यांच्याविषयी नवे असे काही सांगितले नाही, असाच याचा अर्थ होतो. त्यांच्यासाठी मूळ आकृतीत जे लिहिले आहे त्याचा आशय असा: निरीक्षण किंवा सी. टी.; निवड करताना डॉक्टरचा अनुभव, लक्षण एक आहे की अनेक, निरीक्षणात लक्षणे वाढतात काय, वय तीन महिन्यांखाली आहे काय, आणि पालकांची इच्छा, हे विचारात घ्यावे. या पाच गोष्टी एका जातीच्या नाहीत. दोन मुलाच्या देहाविषयी आहेत, एक काळाविषयी, एक डॉक्टरविषयी, एक घरच्या माणसांविषयी. कोणती आधी पाहावयाची, त्यांच्यात विरोध आला तर काय करावयाचे, निरीक्षण किती वेळ आणि कोणी करावयाचे, याविषयी वाक्य मौन पाळते. संशोधकांच्या दृष्टीने हे मौन प्रामाणिकपणाचे आहे. जे मोजले नाही ते सांगितले नाही. परंतु रात्री दोन वाजता ही आकृती भिंतीवर वाचणाऱ्या निवासी डॉक्टरला त्या प्रामाणिकपणाचा उपयोग नसतो. त्याच्यापुढे एका बाजूला तत्काळ उत्तर देणारे यंत्र असते आणि दुसऱ्या बाजूला एक अनिश्चित क्रियापद.

इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेचे 2014 चे सूत्र या संदर्भात तुलनेसाठी घेण्याजोगे आहे, कारण त्याचा हा मजकूर 2023 च्या आवृत्तीतही बहुतांशी कायम राहिला. पाच मिनिटांहून अधिक काळ शुद्ध हरपणे, अस्वाभाविक गुंगी, तीन वा अधिक वेळा उलटी, धोकादायक रीतीने लागलेला मार, पाच मिनिटांहून अधिक विस्मृती, यांपैकी एकाहून अधिक लक्षणे असतील तर तासाच्या आत सी. टी.; एकच असेल तर मार लागल्यापासून किमान चार तास निरीक्षण; आणि त्या काळात पुन्हा उलटी झाली, गुंगी आली किंवा शुद्धीचा गुणांक 15 हून खाली गेला, तर तासाच्या आत सी. टी. येथे निरीक्षणाला आरंभ आहे, अवधी आहे, आणि ते कशाने मोडावयाचे हेही ठरलेले आहे. नियमाच्या शास्त्रीय बळात हे सूत्र पेकार्नहून उणे असेल. वाक्यरचनेत ते निश्चित सरस आहे. मात्र दोन्ही ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवताना सावधगिरी हवी. पेकार्नमध्ये दोन वर्षांखालील मुलाचे तीन फुटांवरून पडणे जबर मानले आहे, मोठ्याचे पाच फुटांवरून. नाइसच्या यादीत तोच आकडा तीन मीटर आहे. एका सूत्राने भीतिदायक ठरविलेली उंची दुसऱ्याच्या खिजगणतीत नाही, आणि दोन्ही सूत्रे अधिकृत म्हणून एकाच ग्रंथालयात नांदतात.

मधल्या गटासाठी प्रतीक्षा उपयोगी पडते याचा पुरावा पेकार्नच्याच सामग्रीतून निघाला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, निर्णयापूर्वी निरीक्षणाखाली ठेवलेल्या मुलांची सी. टी. इतरांपेक्षा कमी प्रमाणात झाली (शेकडा 31, इतरांत 35), आणि महत्त्वाच्या इजेचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते. 2014 साली असे दिसून आले की, फक्त उलटी हेच एक लक्षण असणाऱ्या मुलांत धोका शेकडा 0.2 आणि फक्त शुद्ध हरपलेल्यांत 0.5 एवढाच असतो. म्हणजे 'लक्षण एक की अनेक' या कलमाला आता वजन आले. याउलट पालकांच्या इच्छेच्या कलमाने निराशा केली. सात आपत्कालीन विभागांत 971 मुलांवर झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पालकांना चित्रांच्या साहाय्याने धोका समजावून सांगितला गेला. त्यांचे ज्ञान वाढले, सी. टी. चे प्रमाण जवळजवळ होते तेथेच राहिले. आईची साक्ष लक्षण म्हणून अमूल्य ठरते आणि तिची पसंती निर्णयाचे साधन म्हणून मात्र यंत्राचा वापर बदलत नाही, हा भेद पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील दहा रुग्णालयांतील 20,137 मुलांवर पेकार्न व त्याचे कॅनडातील आणि इंग्लंडमधील प्रतिस्पर्धी नियम एकत्र तपासले गेले. 2017 च्या त्या निबंधात पेकार्नच सर्वांत कमी चुकणारा ठरला. पण पुढील वर्षी त्याच सामग्रीवरून जे निघाले ते अधिक मोलाचे आहे. तेथील डॉक्टर मुळातच दहांपैकी सुमारे एकाचीच सी. टी. करीत होते आणि महत्त्वाची इजा त्यांच्या नजरेतून क्वचितच सुटत होती. नियम शब्दशः लावला असता तर परीक्षा वाढल्या असत्या. ज्या समाजात शंभरांतील पस्तिसांची सी. टी. होते तेथे जन्मलेला नियम हे प्रमाण खाली आणतो. जेथे दहांचीच होते तेथे तोच नियम ते वर नेऊ शकतो. निर्णयनियमाला जन्मभूमी असते, ही गोष्ट सूत्रांच्या प्रस्तावनांतून सहसा लिहिली जात नाही.

उपचारमार्गाचे काम येथून सुरू होते. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयासारख्या संस्थांनी आपले मार्ग जाहीरपणे उपलब्ध करून ठेवले आहेत. असे मार्ग वाचताना पाहावयाचे ते एवढेच की, 'निरीक्षण' या शब्दाचे त्यांनी काय केले. चांगला मार्ग त्या शब्दाचे विघटन करतो: घड्याळ मार लागल्यापासून मोजावयाचे की रुग्णालयात आल्यापासून, मुलाला कोणत्या खाटेवर ठेवावयाचे, शुद्धी किती वेळाने तपासावयाची, परिचारिकेने कोणत्या बदलावर डॉक्टरला बोलवावयाचे, आणि घरी पाठविताना आईला काय सांगावयाचे. वाईट मार्ग मूळ आकृतीच रंगीत चौकटींत पुन्हा काढतो आणि मधल्या चौकटीत 'विचार करावा' असे लिहून मोकळा होतो. अशा कागदाने सूत्राची प्रत वाढते, सेवा बदलत नाही.

हाच नमुना इतर परीक्षांतही दिसतो. पोटात दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत आंत्रपुच्छाच्या दाहाची शंका असेल तर आधी सोनोग्राफी, असे सूत्र आता सर्वमान्य आहे. तेथील मधला गट म्हणजे 'आंत्रपुच्छ दिसले नाही' हा अहवाल. तो नकार नव्हे, होकारही नव्हे. आणि पुढे पुन्हा तपासणी, पुन्हा सोनोग्राफी, की एम. आर. आय., हे ठरलेले नसेल तर टाळलेली सी. टी. दोन तासांनी होतेच. मूत्रमार्गाच्या संसर्गाची कथा थोडी निराळी आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या 1999 च्या सूत्राने दोन महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांत पहिल्याच संसर्गानंतर सोनोग्राफीबरोबर मूत्राशयात नळी घालून करावयाची एम. सी. यू. ही परीक्षा सुचविली होती. मूत्राचा उलटा प्रवाह सापडला तर दीर्घकाळ प्रतिजैविक देऊन मूत्रपिंड वाचविता येईल, हा त्यामागील तर्क. तो उपचारच संशयास्पद ठरल्यावर 2011 च्या सूत्राने पहिल्या ज्वरयुक्त संसर्गानंतर ही परीक्षा नेमाने करू नये असे सांगितले. 2014 साली 607 मुलांवरील चाचणीत प्रतिजैविकाने पुन्हा होणारे संसर्ग निम्म्यावर आले, मूत्रपिंडावरील व्रणांत मात्र फरक पडला नाही; त्यामुळे वाद पुरता मिटला नाही. बारा वर्षे असंख्य तान्ह्या मुलांना नळीची यातना सोसावी लागली ती प्रतिमाशास्त्राच्या चुकीमुळे नव्हे. परीक्षेचे समर्थन ज्या उपचारावर उभे होते त्याची परीक्षा उशिरा झाली म्हणून.

ही सूत्रे महाराष्ट्रात शिकविली जातात आणि परीक्षेत विचारलीही जातात. तेव्हा त्यांच्या जन्मभूमीचा प्रश्न येथेही उपस्थित होतो. पेकार्नच्या 'जबर मार' या कलमात मोटारीतून बाहेर फेकले जाणे, मोटार उलटणे, सहप्रवाशाचा मृत्यू, आणि शिरस्त्राण नसलेल्या पादचाऱ्याला वा सायकलस्वाराला वाहनाची धडक यांचा उल्लेख आहे. वडिलांच्या पुढ्यात स्कूटरवर उभे राहून प्रवास करणारे मूल त्या यादीत कोठेच बसत नाही, कारण ज्या रस्त्यांवरून ती यादी निघाली तेथे ते दिसत नाही. 'आधी सोनोग्राफी' या सूत्राचीही अशीच गत आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या 1994 च्या कायद्यान्वये सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी आवश्यक आहे आणि ते नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. कायद्याचा हेतू निर्विवाद आहे; पण कोणत्याही खाटेजवळ सहज आणता येणारे यंत्र हे जे परदेशी सूत्राचे गृहीतकृत्य, ते येथे जसेच्या तसे उपलब्ध नाही.

निरीक्षणाच्या चार तासांचा प्रश्न याहून अवघड आहे. अनेक ग्रामीण रुग्णालयांत सी. टी. यंत्र नसते, तेथे परीक्षेचा निर्णय म्हणजे 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मुलाला जिल्ह्याच्या गावी पाठविण्याचा निर्णय. घाटातून दोन तासांची वाट असेल, तर लक्षण बिघडल्यापासून तासाच्या आत सी. टी. ही नाइसची अट पहिल्याच पावलावर मोडते. एकदाच उलटी झालेल्या, एरवी खेळणाऱ्या मुलाने ते चार तास गावी काढावयाचे की जिल्हा रुग्णालयाच्या ओसरीत, याचा निर्णय तेथील डॉक्टर लक्षणांपेक्षा अंतरावरून करतो, आणि त्याला तो तसाच करावा लागतो. अंतर हा घटक पेकार्नच्या यादीत नाही, नाइसच्याही नाही.